धूर मोजणाऱ्या आक्का

‘साधारण’ हा शब्द आक्कांसमोर काढायची सोय नव्हती. ‘अंदाजे’, ‘असेल की’, ‘तेवढंच काहीतरी’ हे त्याचे भाऊबंदही त्यांना खपत नसत. कुणाच्या तोंडून असलं काही निसटलं की त्या हातातलं काम खाली ठेवायच्या, चष्मा काढून पदराने पुसायच्या आणि नुसत्या डोळ्यांनी समोरच्याकडे बघत विचारायच्या, ‘‘कशावरून?’’ एकदा कारखान्यात बोल्टांना आटे पाडायच्या मशीनवरचा एक जण मुलगा झाल्याचे पेढे वाटत होता. पोरगं अगदी माझ्यावर गेलंय, असं तो आनंदाच्या भरात बोलून गेला. आक्कांनी पेढा हातात तसाच धरला आणि त्यालाही ‘कशावरून?’ विचारलं. तो बिचारा आठवडाभर आरशासमोर पोराचं नाक आणि स्वतःचं नाक ताडून बघत होता, असं बाकीचे सांगायचे.

धाराशिवच्या एमआयडीसीत आमचा बोल्टांचा कारखाना होता. ‘आमचा’ म्हणजे मालकी साहेबांची, आणि मी तिथं परदेशी जाणाऱ्या मालाची कागदपत्रं करायचे. पण ‘आमचा’ म्हणायची सवय तिथं सगळ्यांनाच होती. जालन्याहून सळईची वेटोळी यायची. ती कापायची, ठोकायची, आटे पाडायचे, मग डिझेलच्या भट्टीत लालबुंद करून तेलात बुडवायची, की बोल्ट तयार. निम्म्याहून जास्त माल युरोपातल्या एका कंपनीकडे जायचा. आक्का या साहेबांच्या थोरल्या बहीण. कळंबच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. साहेब त्यांना आक्का म्हणायचे म्हणून आम्हीही म्हणायचो. त्यांचं खरं नाव मी पगारपत्रकावर वाचलं होतं, पण त्या नावाने हाक मारली असती तर त्यांनी स्वतःच वळून पाहिलं नसतं.

उंच, सडपातळ, इस्त्रीची सुती साडी आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, शाळेतली पोरं कवायतीला घालतात तसले. मनगटावर पुरुषी घड्याळ. खांद्यावरच्या पिशवीत ताणकाटा कायमचा मुक्कामाला. कळंबच्या बाजारात त्या वांगी स्वतःच्या ताणकाट्याला लटकवून बघायच्या. भाजीवाल्यांना त्याचा राग येत नसे, कारण निम्म्याशिम्म्यांना त्यांनीच शाळेत पास केलं होतं. लग्न केलेलं नव्हतं. का केलं नाही, हे विचारायची कुणाची टाप नव्हती, मलाही झाली नाही. रोज सकाळी कळंबहून एसटीने यायच्या, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून. गाडी फलाटावर लागायला उशीर झाला की घड्याळ ड्रायव्हरपुढे धरायच्या. ते ड्रायव्हर पुढे बदली होऊन गेले तेव्हा आक्कांना सांगून गेले म्हणे, की बाई, आता सुखाने चहा पिईन.

त्या कारखान्यात आल्या त्याची गोष्ट अशी. युरोपवाल्यांचं एके दिवशी पत्र आलं. तुमच्या एक टन बोल्टांमागे किती कार्बन हवेत जातो ते कळवा, नाहीतर तिकडच्या सरकारने ठरवलेला जास्तीचा आकडा तुमच्या मालाला लागेल, त्यावर सीमेवर कर बसेल, आणि मग आम्हाला तुमच्याकडून माल घेणं परवडणार नाही. साहेबांनी ते वाचलं आणि सफाईवाल्याकडून धुराडं घासून घेतलं. मग धुराड्याचा फोटो काढून पाठवून दिला. खाली लिहिलं की आमच्याकडे काजळी नाही. तिकडून फार नम्र उत्तर आलं, पण त्या नम्रतेतही त्यांचं हसू लपत नव्हतं. मग साहेबांनी पुण्याहून एक सल्लागार आणला. तो गाडीतून आला, भट्टीपाशी उभं राहून फोटो काढून घेतले, काळ्या मसाल्याचं मटण भरपेट जेवला आणि जाऊन जाडजूड अहवाल पाठवला. तो अहवाल एका रविवारी आक्कांच्या हाती लागला. जेवण झाल्यावर त्यांनी लाल पेन घेतलं. आमच्या बोल्टांच्या कारखान्यात सिमेंटची भट्टी आहे असं त्या अहवालात लिहिलेलं होतं. दुसऱ्या कुणाचा तरी अहवाल त्याने नाव बदलून आम्हाला दिला होता. आक्कांनी शेवटच्या पानावर ‘पुन्हा लिहा’ असा शेरा मारला आणि सोमवारी सकाळच्या एसटीने स्वतःच कारखान्यात हजर झाल्या.

पहिल्याच दिवशी त्यांनी चहाच्या सुट्टीत सगळ्यांना शेडमध्ये बसवलं. कुठूनतरी फळा पैदा केला होता. म्हणाल्या, पूर्वी गावाच्या वेशीवर जकात नाका असायचा, आठवतो का? गाडीत काय आहे आणि किती आहे ते बघून जकात घ्यायचे. युरोपने आता तसाच नाका घातलाय. फरक एवढाच, की तिथं गाडीतलं ओझं बघत नाहीत, ते करताना मागे किती धूर सोडला ते विचारतात. आपल्या बोल्टाचा धूर तीन ठिकाणचा. जालन्याच्या कारखान्यात सळई झाली तेव्हाचा, आपली वीज जिथं तयार होते तिथला, आणि आपल्या भट्टीतल्या डिझेलचा. तिन्ही मोजायचे. मोजायचे म्हणजे मोजायचेच, कुणी मनाने सांगायचं नाही. मी मागे उभी होते. मला वाटलं, आता ही बाई गृहपाठही देणार. तो त्यांनी दिला. प्रत्येकाने आपलं मशीन रिकामं कधी चालतं ते बघून दुसऱ्या दिवशी सांगायचं होतं.

जालन्याच्या धुराने त्यांचा घाम काढला. तिथला मॅनेजर फोनवर आज देतो, उद्या देतो करायचा. आकडा दिला तोही ‘साधारण’ म्हणून. आक्का भाकरी-पिठलं बांधून जालन्याला गेल्या आणि त्याच्या केबिनसमोरच्या बाकावर बसून राहिल्या. चहा आला तर नको म्हणाल्या, आलेल्या गेलेल्याला मात्र तुमच्याकडे वीज किती लागते हो, असं विचारू लागल्या. संध्याकाळपर्यंत मॅनेजरच्या लक्षात आलं, की ही बाई उद्याही भाकरी बांधून येईल. त्याने बिलं दिली. तिथं सळई भंगार वितळवून बनते, खाणीतल्या दगडापासून नाही, म्हणून तिच्यामागचा धूर पुष्कळ कमी, हे आक्कांना त्या बिलांवरून कळलं. परत आल्या त्या फार खुशीत. माझ्या टेबलावरचा एक बोल्ट उचलून म्हणाल्या, ‘‘अगं, हा मागच्या जन्मी कुणाची तरी सायकल असेल.’’ त्यांच्या तोंडचं ‘असेल’ मी तेवढं एकदाच ऐकलं.

मधेच जिल्ह्याचं नाव बदललं आणि युरोपवाल्यांच्या कॉम्प्युटरला वाटलं, की कारखाना उस्मानाबादहून धाराशिवला हलवलाय. नव्या जागेची माहिती द्या, असं पत्र आलं. मी घाबरले. आक्कांनी सांगितलं, लिही, कारखाना जागेवर आहे, नाव हललंय. मी इंग्रजीत तसंच लिहिलं आणि युरोपवाल्यांनाही ते पटलं.

सळईचा धूर कमी निघाल्यामुळे आमच्या भट्टीच्या डिझेलला महत्त्व आलं. जे काही कमी-जास्त करायचं ते तिथंच करता येणार होतं. भट्टीवर बिभीषण होता. कळंब रस्त्यालगतच्या एका वस्तीवरचा, घरची थोडी शेती, कामाला वाघ, बोलायला मुखदुर्बळ. तोही आक्कांचा विद्यार्थी, त्यामुळे बाकी सगळे आक्का म्हणत असले तरी तो ‘बाई’ म्हणायचा. पूर्वी डिझेलच्या टाकीत काठी बुडवून, काठी किती भिजली ते बघून बिभीषणच किती तेल उरलं ते सांगायचा. आक्कांनी काठी बंद केली. काठी म्हणजे अंदाज, म्हणाल्या. भट्टीकडे जाणाऱ्या नळीवर त्यांनी काचेच्या तोंडाचं, आकडे फिरणारं नवंकोरं मीटर बसवून घेतलं. मीटरबरोबर तपासणीचा दाखला आला होता, तो त्यांनी प्लास्टिकमध्ये घालून भिंतीवर लावला.

त्या मीटरवर त्यांचा जीव जडला. दुसरा शब्द मला सापडत नाही. आल्या आल्या खांद्यावरची पिशवी उतरवायच्या आधी त्याच्याकडे जायच्या, काच पदराने पुसायच्या. भट्टीची धग लागू नये म्हणून त्याच्यावर पत्र्याचं छोटं छप्पर करून घेतलं. पोरं आपसात म्हणायची, आक्कांचं लेकरू. हे त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांनी कुणाला दटावलं मात्र नाही.

खंडेनवमीला कारखाना धुऊन काढायचो. मशीनं पुसायची, हळद-कुंकू लावायचं, झेंडूच्या माळा घालायच्या, पाने, हातोडे, फायली सगळं पाटावर मांडायचं. आक्का असल्या गोष्टींत नसत. त्यांच्या घरी देव होते, पण ते आईच्या वेळचे म्हणून, पुसून ठेवलेले. त्या वर्षी मात्र साहेब सहज म्हणाले, ‘‘आक्का, तुझ्या मीटरची पूजा तूच कर.’’ आम्हाला वाटलं, आता साहेबांची शाळा घेतात. पण त्या लाजल्या. बूट काढले, पदर खोचला, काचेवर हळदीकुंकवाची बोटं उठवली, छपराला माळ अडकवली. बिभीषणने नारळ दिला. तो फोडायला मीटरखालचा लोखंडी आधारच जवळ होता. आक्कांचा पहिला घाव निसटला, दुसरा आधारावर आणि थोडा मीटरच्या कडेवर बसला, नारळ फुटला आणि पाणी काचेवर उडालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आक्कांनी स्वतःच्या हाताने खोबरं आणि साखर वाटली. त्या दिवसाइतक्या हसऱ्या आक्का मला परत दिसल्या नाहीत.

त्याच सुमाराला त्यांनी बिभीषणला हाताशी धरून भट्टीचं दार नीट करून घेतलं होतं. दाराच्या फटीतून धग बाहेर जाते हे त्यांनी हात धरून ताडलं होतं. दोघांनी मिळून फटी भट्टीच्या मातीने लिंपल्या, बिभीषणला दार उघडं ठेवायची सवय होती ती मोडली. आणि आकडा खाली आला. दसऱ्यानंतर मीटर दर आठवड्याला कमी डिझेल दाखवू लागलं. दाराचा गुण, असं आक्का म्हणाल्या आणि आम्हीही म्हणालो. वर्षअखेरचा अहवाल मी पाठवला. तिकडून उत्तर आलं की तुमच्यासारखे बोल्ट देणारे जितके कारखाने आमच्याकडे आहेत त्यांत तुमचा आकडा सगळ्यांत कमी आहे, पुढच्या वर्षी मालाची मागणी वाढवतो. साहेबांनी दुसऱ्या भट्टीसाठी शेजारच्या जागेत पाया खणायला घेतला. आक्कांनी फळ्यावर तो आकडा रंगीत खडूने लिहिला आणि खाली बिभीषणचं नाव लिहिलं. बिभीषण त्या फळ्यापाशी रोज डबा खायला बसायचा, दुसरीकडे सावली असली तरी.

मग महाशिवरात्रीच्या आसपास एका दुपारी भट्टी विझली. आत माल होता, अर्धा तापलेला. टाकीत डिझेल नव्हतं. मीटरच्या हिशेबाने चांगलं पुष्कळ असायला हवं होतं. आणलेलं डिझेल वजा मीटरवर गेलेलं डिझेल, एवढाच तो हिशेब. साहेबांनी तो उभ्या उभ्याच केला आणि मग बिभीषणकडे बघितलं. टाकीची किल्ली त्याच्याकडे असायची. त्याच्या विहिरीवर डिझेलचं इंजिन आहे हे सगळ्यांना माहीत होतं. साहेब ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाले, की मी पोलिसात जात नाही, तू उद्यापासून येऊ नकोस.

‘‘म्या तेलाला हात लावला न्हाय, साहेब,’’ बिभीषण म्हणाला. तो साहेबांशी बोलत होता आणि बघत होता आक्कांकडे. आक्कांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता विचारतील. त्यांनी चष्मा पुसला आणि परत घातला. बिभीषणने डबा उचलला आणि गेला.

साहेबांचं म्हणणं सरळ होतं. डिझेल चोरीला गेलं म्हणजे भट्टीत जळलं नाही. जळलं नाही म्हणजे त्याचा धूर नाही. म्हणजे आपला आकडा खरा. आणलेल्या आणि जळलेल्या डिझेलमधला फरक तिकडे कळवावा लागतो, तिथं मी ‘चोरी’ असं लिहावं, विषय संपला. माणूस गेला, पण आकडा राहिला, नवी भट्टी राहिली. मी आक्कांकडे बघितलं. त्या म्हणाल्या, लिहून ठेव, पाठवू नको अजून.

पुढचे काही दिवस कारखान्यात कुणी ‘कशावरून?’ ऐकलं नाही. पोरं मुद्दाम ‘साधारण’ म्हणून बघत होती, आक्का मान हलवत होत्या. डबा उघडत, परत लावून टाकत. मीटरची काच पुसायच्या, पण पुसून झाल्यावरही तिथंच उभ्या राहायच्या. मला त्या अचानक म्हाताऱ्या वाटायला लागल्या. आणि मग एका सकाळी त्या एसटीतून उतरल्या त्या हातात दूध डेअरीची शिक्क्याची कॅन घेऊन. सरकारी तपासणी झालेलं माप, ओळखीच्या डेअरीवाल्याकडून मागून आणलेलं. कळंबपासून ती मांडीवर धरून आणली होती, साडीला दुधाचा वास येत होता.

सगळ्यांना भट्टीपाशी बोलावलं. साहेबांनाही. भट्टीकडची नळी सोडवून मीटरमधून निघालेलं डिझेल कॅनमध्ये घ्यायला लावलं, कॅन भरली की पिंपात ओतायची, परत भरायची. मीटरवरचा आकडा मी मोठ्याने वाचायचा होता. आम्ही पाच कॅन भरल्या. मीटरने चारच दाखवल्या. परत भरल्या. परत तेच.

आक्कांनी स्वतः पाना घेतला आणि काच उघडली. आतल्या आकड्यांच्या चाकांवर काहीतरी पिवळट, चिकट वाळलं होतं. त्यांनी ते नखाने खरवडून हुंगलं. काचेच्या कडेला बारीक तडा होता, आतून हळद शिरलेली दिसत होती. चाक मधेच चिकटून एखादा आकडा गिळत होतं. आम्हा सगळ्यांना एकदमच कळलं आणि जो तो खाली बघू लागला, कारण त्या दिवशी टाळ्या सगळ्यांनीच वाजवल्या होत्या.

‘‘नारळ मी फोडला,’’ आक्का म्हणाल्या. ‘‘बिभीषणनं काही घेतलेलं नाही.’’

मग साहेब आणि त्या केबिनमध्ये गेले. दार उघडंच होतं, मी बाहेर होते, ऐकायला यायचं तेवढं आलं. साहेब वाईट माणूस नव्हते. ते म्हणत होते, की बिभीषणला मी स्वतः आणतो, सगळ्यांसमोर चुकलो म्हणतो, नवं मीटर बसवतो. पण मागचा आकडा कशाला उकरायचा? तिकडून कोण बघायला येतंय? तिकडे चोरी लिहून मोकळं होऊ, इकडे त्याला परत घेऊ, कुणाचं काय बिघडतं?

‘‘बाळा,’’ आक्का म्हणाल्या. त्या त्यांना एरवी कधी बाळा म्हणत नसत. ‘‘त्यो इथं कामावर येईल, पण तिकडच्या कागदात चोरच राहील. आपला आकडा खरा ठरवायला त्याला जन्मभर चोर ठेवायचं का? तू ठेव, मी न्हाय ठेवणार.’’ शाळेतल्या बाईंचं मराठी सोडून त्या घरच्या बोलीत बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. मग साहेबांनी मला हाक मारली आणि दुरुस्तीचं पत्र करायला सांगितलं. आक्का सांगत गेल्या, मी लिहीत गेले. पूजा, नारळ, मीटर, सगळं. मी म्हटलं, आक्का, नारळाचं कशाला, ‘मीटरमध्ये बिघाड’ एवढं पुरे. त्या म्हणाल्या, बिघाड कसा झाला ते लिहिलं नाही तर त्यांना पटेल कसं? मी नारळासह लिहिलं.

त्या पत्राचं काय झालं ते आधीच सांगून टाकते. तिकडून पुष्कळ दिवस काही आलं नाही. त्या दिवसांत साहेबांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. मग उत्तर आलं. दुरुस्ती त्यांनी मान्य केली. नवा आकडाही तसा वाईट नव्हता, दाराच्या लिंपणाचा थोडा गुण खराच होता, पण आता आम्ही सगळ्यांत कमी उरलो नव्हतो. जुनी मागणी राहिली, वाढायची होती ती वाढली नाही. दुसरी भट्टी झाली नाही. तिचा पाया खणलेला तसाच पडून राहिला, नंतर त्यात पावसाचं पाणी साचायचं आणि एमआयडीसीतली कुत्री तिथं पाणी प्यायला यायची. साहेब आक्कांशी वर्षभर कामापुरतं बोलत होते. भाऊबीजेला गेले, ओवाळून घेतलं, जेवायला थांबले नाहीत, असं आक्कांनीच मला सांगितलं. त्याचं दुःख त्यांना फार होतं. पुढे दोघांचं जमलं, पण तोवर आक्कांचे गुडघे गेले होते आणि कळंबहून रोज येणं बंद झालं होतं.

आता आक्का नाहीत. मी पुण्याकडे एका मोठ्या कंपनीत तेच काम करते, माझ्या हाताखाली माणसं आहेत. भट्टीवरचे आकडे तारेतून आपोआप कॉम्प्युटरवर येतात, रंगीत आलेख होतात, पडद्यावर सगळं छान दिसतं. कुणी चष्मा काढून बघत नाही. मला त्या बाईची, त्या फळ्याची, चहाच्या सुट्टीतल्या त्या वर्गाची इतकी आठवण येते, की कधी कधी मीटिंगमध्ये मला पुढचं काही ऐकू येत नाही. तिथं होते तेव्हा मला कधी एकदा पुण्याला जाते असं झालं होतं.

पण मला सांगायची आहे ती त्या डेअरीच्या कॅनच्या सकाळनंतरची दुपार. पत्र करून झालं आणि आक्का म्हणाल्या, तुझी गाडी काढ, बिभीषणकडे जायचंय. साहेब मी येतो म्हणाले, त्यांना नको म्हणाल्या. माझ्या स्कूटीवर त्या मागे एका बाजूला बसल्या, पिशवी पोटाशी धरून. ऊन चढलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारीची काढणी चालू होती. वस्तीकडे वळायच्या जागी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

बिभीषण बायकोबरोबर ज्वारी उपटत होता. आम्हाला बघून बांधावर आला, हाताची माती झटकली. बायको विहिरीजवळच्या झाडाखाली जाऊन उभी राहिली, जवळ नाही आली. तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं, की गावात बातमी गेली होती. आक्कांनी बसायला नकार दिला. उभ्यानेच सगळं सांगितलं. नारळ, काच, चाकं, डेअरीची कॅन. शिकवायच्या तशाच, एकामागून एक. तुझं नाव तिकडच्या कागदात कुठंही जाणार नाही, गेलं तर माझंच जाईल, असंही सांगितलं. साहेब उद्या स्वतः येतील, म्हणाल्या. बिभीषण ऐकत होता. मधे एकदा त्याने मान हलवली, मीटरचं ऐकून, कारागिराने हलवावी तशी.

सगळं सांगून झाल्यावर तो थोडा वेळ पायाने ढेकूळ फोडत राहिला.

‘‘साहेबांचं मला काय वाटलं न्हाय, बाई,’’ तो म्हणाला. ‘‘ते मालक हायेत, तेल गेलं की भट्टीवाल्यावरच नजर जायाची. पर तुमी तिथंच हुताव. तुमी मला सातवीपासनं वळखता. तवा तुमी गप का बसलाव?’’

मला वाटलं, आक्का काहीतरी सांगतील. खात्री नव्हती, तपासायचं होतं, असं काही. खरं म्हणजे तेही खोटं ठरलं नसतं. मी तर मनातल्या मनात त्यांच्या वतीने तसंच म्हणून टाकलं होतं.

‘‘आकडा चांगला होता रे,’’ आक्का म्हणाल्या. ‘‘मला मोडवेना.’’

बिभीषणने त्यांच्याकडे पाहिलं. शाळेतल्या बाईंकडे बघतात तसं नाही, आपल्याएवढ्या माणसाकडे बघतात तसं. मग त्याने झाडाकडे वळून बायकोला हाक मारली, ‘‘बाईंस्नी पाणी दे गं, उन्हातनं आल्याती.’’ ती तांब्या घेऊन आली. आक्कांनी तो दोन्ही हातांनी धरला, पण पाणी साडीवर सांडलं, आणि बिभीषणने खालून तांब्याला हात लावला तेव्हा कुठं त्यांना पिता आलं.